बूट पाठवू नका, प्रशिक्षकाचं मानधन द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये स्लाउच्या आसपास राहणारी तीस-चाळीस मराठी आणि गोवेकर मंडळी दर रविवारी एकत्र फुटबॉल खेळतात. उन्हाळ्यात ते एक टूर्नामेंट भरवतात आणि खर्च वजा जाता चार हजार पाउंडांच्या घरात रक्कम उरते. क्लबातले बरेच जण कोल्हापूरकडचे, त्यामुळे तिथल्या गरीब मुलांच्या फुटबॉलसाठी काही करावं असं सगळ्यांना वाटतं. वापरलेले बूट आणि जर्सी गोळा करून पाठवाव्यात, ओळखीच्या तालमीला (पेठेतल्या फुटबॉल मंडळाला) रोख द्यावी, की एखाद्या संस्थेशी बांधून घ्यावं?

मी पश्चिम लंडनमधल्या अशाच एका क्लबाचा बरीच वर्षं खजिनदार आहे. इथे येण्याआधी महाराष्ट्रात मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थांचे हिशेब तपासायचं काम करत होतो. पैसे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो. या रकमेतला मोठा वाटा मैदानावर रोज उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकाच्या मानधनाला द्या, आणि तो निदान सलग तीन वर्षं द्या.

वस्तीतल्या मुलांचा फुटबॉल बंद पडतो तो चेंडू नाही म्हणून क्वचितच. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन जे सुरू केलं, त्यातून पुढे ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. त्या कामामागची हकिकत अनेकांना ठाऊक आहे. पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत होती आणि सर थांबून बघत राहिले. पोरांना खेळायला बादलीही पुरत होती. कमी होता तो दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, परीक्षेच्या काळात आणि सणानंतरही ठरल्या वेळी मैदानावर हजर असणारा मोठा माणूस. मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ‘ऑस्कर फाउंडेशन’चं काम सुरू केलं, तेही शाळा सोडणाऱ्या मुलांना थोपवण्यासाठी. त्यांचा नियम प्रसिद्ध आहे: शाळा नाही तर फुटबॉल नाही. पण हा नियम पाळून घ्यायला वस्तीतलाच कोणीतरी लागतो. त्याला मुलाचं घर माहीत असतं, मुलगा दोन दिवस आला नाही तर तो दारात जाऊन उभा राहतो, वर्गशिक्षकांनाही ओळखतो. हे काम फावल्या वेळात होत नाही. असा एकविशीचा पोरगा घरच्या अडचणीमुळे डिलिव्हरीच्या नोकरीला लागला की चाळीस मुलांचा सराव एका आठवड्यात बंद होतो. त्याला मैदानावर टिकवणं हेच तुमच्या पैशाचं काम.

आता हिशेब मांडून पाहू. विनिमयाचा दर वरखाली होतो, म्हणून मी नेहमी पाउंडाला शंभर रुपये असा कमीच धरतो. चार हजार पाउंडांचे चार लाख. मुख्य प्रशिक्षकाला महिना १०,००० आणि सहायकाला ८,००० असं अर्धवेळ मानधन दिलं, तर वर्षाचे २,१६,००० होतात. चाळीस मुलं, आठवड्यातून चार दिवस, वर्षातले चाळीस आठवडे, सरावानंतर प्रत्येकाला वीस रुपयांचा खाऊ: त्याचे १,२८,०००. खाऊ म्हणजे दोन केळी, उकडलेलं अंडं किंवा गूळ-शेंगदाणे. त्यावर काटछाट करू नका. दुपारी शाळेतला पोषण आहार खाऊन थेट मैदानावर आलेली मुलं संध्याकाळी साडेपाचला गळून जातात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. चेंडू, खुणेसाठीचे प्लास्टिकचे कोन, संघ ओळखायला घालायचे बिब आणि प्रथमोपचाराची पेटी यांना २०,००० पुरतात. उरलेले ३६,००० बाहेरगावच्या सामन्यांचा प्रवास आणि अडीअडचणीसाठी. गावागणिक आकडे बदलतील, पण निम्म्याहून जास्त रक्कम माणसाच्या मानधनाला जाते हे प्रमाण बदलू देऊ नका. सभेत कोणीतरी नक्की म्हणेल की आपला पैसा मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे, पगारात नको जायला. त्याला हा हिशेब दाखवा आणि विचारा, मुलांपर्यंत पोहोचणार कोणाच्या हातून?

बुटांचं जरा बारकाईनं सांगतो, कारण प्रत्येक क्लबात पहिली कल्पना तीच निघते. इथले बूट ओल्या, मऊ गवतासाठी बनवलेले असतात. त्यांचे स्टड लांब, काहींचे तर धातूचे. कोल्हापूर-सांगलीकडची सरावाची मैदानं बहुतेक मुरमाची. पावसाळ्याचे महिने सोडले तर जमीन दगडासारखी कडक असते. त्या जमिनीत लांब स्टड रुतत नाही, मूल अक्षरशः खुंट्यांवर उभं राहतं. पाऊल वळतं, टाचेला फोड येतात आणि चार दिवसांत ते बूट काढून पुन्हा अनवाणी खेळू लागतं. अशा मैदानाला रबरी, बारीक ठिपक्यांच्या तळव्याचे टर्फ शूज लागतात, आणि ते तिथल्या बाजारात मिळतात. शिवाय इथून पाठवलेल्या पेटीत मापं जुळत नाहीत. मोठ्यांच्या नऊ-दहा नंबरांचा ढीग जमतो, तर लागतात दोन, तीन आणि चार नंबर. खेळाचं साहित्य बनवणारी जालंधर आणि मेरठ ही देशातली मोठी केंद्रं आहेत. सरावाचा टिकाऊ चेंडू तिकडून पाचशे-सातशे रुपयांत मिळतो. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना तीन नंबरचा, मग चौदापर्यंत चार नंबरचा आणि त्यापुढे पाच नंबरचा चेंडू द्यावा. सगळ्यांना पाच नंबरचाच देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि लहान मुलांची किक त्यामुळेच बिघडते.

विमानाचं भाडं आणि कस्टम्सची कटकट हा आणखी वेगळा खर्च, आणि वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत. वस्तू पाठवली म्हणून परकीय देणगीच्या कायद्यातून सुटका होते असंही नाही. संस्थेला दिलेली वस्तू हीसुद्धा कायद्याच्या नजरेत परकीय देणगीच.

या कायद्याकडे आता वळू. परदेशातल्या आपल्या क्लबांना सगळ्यात जास्त इथेच ठेच लागते. भारतातल्या संस्थेने परदेशी पैसा घ्यायचा तर २०१०चा परकीय देणगी नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, लागू होतो. संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी हवी आणि ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच पहिल्यांदा उतरू शकते. तिथून मग संस्था ती आपल्या गावच्या बँकेतल्या दुसऱ्या एफसीआरए खात्यात नेते. त्याच दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि एका संस्थेने परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद केलं. म्हणजे मुंबईतल्या मोठ्या संस्थेला द्यायचे आणि तिने कोल्हापूरच्या छोट्या मंडळाला पोहोचवायचे, ही पूर्वीची सोयीची वाट आता उरलेली नाही. तुमची रक्कम ज्या संस्थेच्या खात्यात जाईल, तिनेच प्रत्यक्ष काम करायला हवं.

मग ओळखीच्या तालमीचं काय? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावं उच्चारली की शाहू स्टेडियमवरची गर्दी डोळ्यांपुढे येते. कोल्हापूरचा फुटबॉल पेठांनी आणि तालमींनी जगवला, वर्गणी काढून जगवला, आणि म्हणूनच २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधवसारखा कोल्हापूरचा मुलगा भारताकडून खेळताना दिसला तेव्हा पेठांना तो घरचा वाटला. या मंडळांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या मंडळाकडे एफसीआरए नोंदणी नाही, त्याला क्लबाच्या ब्रिटिश खात्यातून एक पाउंडही देता येत नाही. डिसेंबरात गावी जाताना रोख नेऊन दिली, तरीही तो त्याच कायद्याचा भंग, आणि त्याचा जाच तुम्हाला होणार नाही, मंडळाच्या अध्यक्षाला होईल. नवी नोंदणी मिळवायची तर संस्था तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. विशिष्ट देणगीदाराकडून, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट रकमेपुरती पूर्वपरवानगी काढण्याची सोय आहे. चार हजार पाउंडांसाठी मात्र तेवढी खटपट कोणी करू नये असं मला वाटतं.

एक फरक नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याची, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी, परकीय धरली जाते. क्लबाचं खातं तर परकीयच. तुमच्या क्लबात दोन्ही प्रकारचे लोक असणार. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी आपल्या तालमीच्या नोंदणीकृत मंडळाला स्वतःच्या खात्यातून जरूर द्यावं आणि पावती घ्यावी. पण क्लबाची जमलेली रक्कम अशा एखाद्याच्या खात्यावर टाकून त्याच्या नावाने पाठवणं हे चूक आहे. दोन्ही देशांत चूक आहे. कितीही सोपं वाटलं तरी त्या वाटेला जाऊ नका.

आता इंग्लंडची बाजू. ‘मुलांसाठी’ असं सांगून जमवलेला पैसा इथल्या कायद्याने त्या कामासाठी विश्वस्त म्हणून ठेवलेला पैसा ठरतो. त्यातून क्लबाच्या जर्सी घेता येत नाहीत, मैदानाचं भाडं भरता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळं खातं उघडा, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं ठेवा. टूर्नामेंटच्या पत्रकावर स्पष्ट लिहा: रक्कम कोणाला जाणार, त्यातून कोणता खर्च वजा होणार, आणि ठरलेलं काम काही कारणाने झालं नाही तर उरलेले पैसे कुठे जाणार. टूर्नामेंटला काउंटी, म्हणजे जिल्हा, फुटबॉल असोसिएशनची मंजुरी लागते. स्लाउ म्हटल्यावर तुमची काउंटी बर्क्स अँड बक्स. जखमी झालेल्या खेळाडूने उद्या दावा लावला तर ही मंजुरी आणि विमा हेच तुमचं संरक्षण.

गिफ्ट एड ही योजना वाया घालवू नका. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्याने नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला एक पाउंड दिला की संस्थेला सरकारकडून वर २५ पेन्स मिळतात. देणारा ब्रिटिश नागरिक असण्याची अट नाही, त्याने इथे पुरेसा कर भरलेला असला की झालं. व्हिसावर इथे नोकरी करणारी मंडळीही यात बसतात, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. पण ही रक्कम मागण्याचा हक्क धर्मादाय संस्थेचा. तुमचा क्लब नुसती मित्रांची संघटना असेल तर त्याला तो नाही. हौशी क्रीडा क्लब म्हणून करखात्याकडे नोंदणी करता येते, पण तिचा हेतू इथल्या लोकांना खेळायला देणं हा आहे, भारतातल्या कामासाठी ती वाट धरू नका. सरळ उपाय असा: भारतातल्या ज्या संस्थेला मदत करायची तिची ब्रिटनमध्ये नोंदलेली भावंड संस्था असेल तर सभासदांनी थेट तिला द्यावं, नाहीतर चॅरिटीज एड फाउंडेशनसारख्या मध्यस्थ संस्थेमार्फत पाठवता येतं का हे विचारावं. ते आपला मोबदला कापून घेतात, पण कागदपत्रांची बरीच जबाबदारीही उचलतात.

टूर्नामेंटची प्रवेश फी, वडापावच्या स्टॉलची विक्री आणि लॉटरीची तिकिटं यांवर गिफ्ट एड मिळत नाही, कारण तिथे माणसाला पैशाच्या बदल्यात काहीतरी मिळतं. कार्यक्रमाच्या जागीच विकलेल्या तिकिटांची छोटी लॉटरी विनापरवाना चालते. मात्र जमलेल्या रकमेतून बक्षिसांसाठी ५०० पाउंडांपेक्षा आणि आयोजनासाठी १०० पाउंडांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. आठवडाभर आधी ऑफिसात किंवा व्हॉट्सअॅपवर तिकिटं विकायला निघालात तर मात्र स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते.

खरं सांगायचं तर टूर्नामेंटवर मी फार भिस्त ठेवत नाही. पाऊस आला, दोन संघांनी ऐनवेळी नाव काढून घेतलं, मैदानाचं भाडं वाढलं की चार हजारांचे अठराशे होतात, आणि तिकडे प्रशिक्षकाचा महिना तर ठरल्या तारखेलाच भरतो. त्यापेक्षा तीस सभासदांनी महिना दहा पाउंडांची स्टँडिंग ऑर्डर (बँकेतून दर महिन्याला आपोआप जाणारी रक्कम) केली तर वर्षाला ३,६०० होतात, आणि ती थेट धर्मादाय संस्थेला असेल तर गिफ्ट एड धरून ४,५००. महिना दहा पाउंड म्हणजे रविवारच्या सामन्यानंतरची पबमधली पेयांची एक फेरी. टूर्नामेंट भरवा, ती क्लबाचा प्राण आहे. तिचं उत्पन्न मात्र राखीव निधीत टाका. मानधन स्टँडिंग ऑर्डरमधून जाऊ द्या.

राखीव निधीचा आग्रह मी एका खास कारणासाठी धरतो. परदेशातला क्लब हा मुळातच डळमळता असतो. कोणाचा व्हिसा संपतो, कोणाची कंपनी ॲमस्टरडॅमला हलवते, कोणाला दुसरं मूल होतं आणि तो रविवारी यायचा थांबतो. इंग्लंडमधल्याच ग्रेव्हसेंडचा गुरू नानक फुटबॉल क्लब १९६५ पासून टिकला, कारण त्यामागे तिथेच स्थायिक झालेली, पिढ्यांमागून पिढ्या गुरुद्वाऱ्याभोवती बांधलेली वस्ती आहे. आपली मराठी मंडळी बहुतांशी नोकरीनिमित्त आलेली, विखुरलेली. तेव्हा किमान सहा महिन्यांचं मानधन कायम शिल्लक ठेवा. थांबायची वेळ आली तर वर्षभर आधी कळवायचं, हे संस्थेशी होणाऱ्या पत्रातच लिहून टाका.

संस्था निवडायची कशी? आधी गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर तिची नोंदणी आजच्या तारखेला चालू आहे का ते पाहा. मोठ्या नावांचीसुद्धा पाहा, कारण मुदत संपलेली असू शकते. नोंदणी कोणत्या कामासाठी आहे तेही बघा. कायद्यात सामाजिक, शैक्षणिक, सांस्कृतिक, आर्थिक आणि धार्मिक एवढेच कार्यक्रम मोजले आहेत, क्रीडा असा वेगळा रकाना नाही. त्यामुळे मुलांचा फुटबॉल सामाजिक किंवा शैक्षणिक कामात बसवून लेखी घ्यावा लागतो. प्रशिक्षकाचं मानधन कार्यक्रमाच्या खर्चात धरणार की प्रशासकीय, हेही त्यांच्या लेखापालाकडून आधीच लिहून घ्या, नाहीतर २० टक्क्यांच्या मर्यादेचा घोळ वर्षाअखेरीस पुढे येतो. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. चांगली संस्था ते दोन दिवसांत पाठवते.

कोल्हापुरातच तुम्हाला हवी तशी नोंदणीकृत संस्था मिळाली नाही, तर हट्ट सोडा आणि महाराष्ट्रात जिथे काम उभं आहे तिथे द्या. ज्या प्रशिक्षकाला तुम्ही मानधन देता तो नागपूरचा की गडहिंग्लजचा, याने मुलाला फरक पडत नाही.

आणि हजेरीपट बघा. अहवाल नंतर वाचला तरी चालेल, हजेरीपट मात्र आधी. तपासनीस म्हणून मी पहिल्यांदा तोच मागायचो. महिनाभराच्या सगळ्या खुणा एकाच शाईत, एकाच दाबाने, सरळ रेषेत असतील तर ते पान एका बैठकीत भरलंय हे समजतं. चाळीसपैकी चाळीस मुलं रोज हजर दिसली तर मी अस्वस्थ होतो. खरा हजेरीपट भोकाभोकांचा असतो. पावसाळ्यात ओळीच्या ओळी रिकाम्या, गणपतीच्या दिवसांत निम्मी मुलं गायब, परीक्षेच्या आठवड्यात तुरळक खुणा. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांभोवती तर आणखी वेगळं दिसतं. दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवकडून (पूर्वीचं उस्मानाबाद) ऊसतोड कामगार येतात, कोप्या (झोपड्या) टाकतात, आणि त्यांची मुलं हंगामापुरती त्या भागात असतात. हंगाम संपला की तीच नावं पटावरून नाहीशी होतात. ज्या प्रशिक्षकाने अशी नावं वेगळी लिहून ठेवलीत, ‘गावी गेला’ असा शेरा मारलाय, पुढच्या वर्षी तोच मुलगा परतल्यावर जुन्या नावापुढे पुन्हा खूण केलीय, तो माणूस मुलांना ओळखतो. त्याला पैसे द्यायला कचरू नका. ही मुलं सगळ्यात वंचित आहेत आणि जवळपास कुठल्याच अकादमीच्या यादीत बसत नाहीत, कारण ती वर्षभर एका जागी राहत नाहीत. तुम्हाला कोल्हापूरसाठीच काही करायचं असेल तर कारखान्याच्या तळाजवळ हंगामापुरता सराव चालवणारं कोणी भेटतं का, ते शोधा.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो सुरुवातीलाच करावा लागतो. संस्थेला विचारा: मैदानाजवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का? सराव अंधार पडायच्या आत संपतो का? हिवाळ्यात सहालाच काळोख होतो, त्यामुळे साडेचारला सुरू झाला तरच जमतं. बाई प्रशिक्षक आहेत का? मुली बारा-तेराच्या झाल्या की गळती लागते. घरचे खेळाला विरोध करतात असं सर्रास म्हटलं जातं, पण आईशी नीट बोललं तर पुष्कळदा अडचण कपडे बदलायच्या जागेची, येण्याजाण्याच्या रस्त्याची, पाळीच्या दिवसांची निघते. सॅनिटरी पॅड आणि स्पोर्ट्स ब्रा हा खेळाच्या साहित्याचाच भाग म्हणून अंदाजपत्रकात लिहा. सभेत पुरुषांसमोर हा विषय काढायला लोक कचरतात. तुम्ही आधी काढा म्हणजे संस्थेलाही मोकळेपणाने मागता येतं.

मुलांच्या सुरक्षेबाबत कसलीही तडजोड नको. इंग्लंडमध्ये मुलांना शिकवायचं तर डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी आणि क्लबात बालकल्याण अधिकारी हे आपल्याला अंगवळणी पडलेलं आहे. भारतात २०१२चा पॉक्सो कायदा अठराखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न कळवणं हा तिथे गुन्हा आहे. संस्थेकडे लेखी धोरण मागा, जबाबदार व्यक्तीचं नाव मागा, आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलांना माहीत आहे का ते विचारा. मग एक प्रश्न जरूर विचारा: शेवटची तक्रार कधी आली होती आणि तिचं पुढे काय केलं? आमच्याकडे कधी तक्रारच आली नाही, असं उत्तर आलं तर मी जास्त खोदून विचारतो. शेकडो मुलांमध्ये वर्षानुवर्षं काहीच घडलं नाही, यापेक्षा सांगायला जागाच नव्हती, हे जास्त संभवतं.

तुमच्यातले लोक डिसेंबरात गावी जातील तेव्हा मैदानावर जरूर जावं, मुलांसोबत खेळावं. वाटपाचा कार्यक्रम मात्र होऊ देऊ नका. मांडव, फ्लेक्स, पाहुण्यांची भाषणं, आणि तासभर उन्हात रांगेत बसवलेली पोरं, एकेकाला पुढे बोलावून हातात पिशवी देतानाचा फोटो: हे त्या मुलांना आवडत नाही, ती फक्त बोलत नाहीत. साहित्य प्रशिक्षकाने सरावाच्या वेळी नेहमीसारखं वाटावं. मुलांचे फोन नंबर किंवा इन्स्टाग्राम घेऊ नका, कोणा एका मुलासोबत एकटे राहू नका, आणि पालकांच्या संमतीशिवाय चेहरा दिसेल असा फोटो क्लबाच्या पानावर टाकू नका. कोणाचे वडील दारू पितात, कोणाची आई घर सोडून गेली, हे देणगी मिळवण्यासाठी सांगायची गोष्ट नव्हे. हे मूल उद्या मोठं होऊन ते पान वाचणार आहे.

आणखी एक विनंती. स्लाउमध्येही अशी मुलं आहेत. आईवडील हीथ्रो विमानतळावर रात्रपाळी करतात, घर एका खोलीचं, क्लबाची वर्गणी परवडत नाही. त्यांतली काही आपल्या देशातली असतील, पुष्कळशी नसतील. वर्षाला पाच-सहा मुलांची वर्गणी आणि बूट क्लबाने उचलले, तर जमवलेले वापरलेले बूट इथेच कामी येतील. इथली मैदानं मऊ आहेत, मापं जुळतात, आणि मूल पुढच्या रविवारी तुमच्या डोळ्यांसमोर खेळताना दिसतं. त्यांच्यासाठीचा पैसा वेगळ्या नावाने जमवा आणि वेगळा लिहा, भारतातल्या मुलांसाठी दिलेल्या पैशात मिसळू नका.

या वर्षी लगेच काय करावं? सप्टेंबरपर्यंत खातं उघडा आणि स्टँडिंग ऑर्डरचे अर्ज भरून घ्या. तीन संस्थांची नोंदणी आणि हिशेब तपासा, त्यांतल्या दोघांशी व्हिडिओवर बोला. बोलताना संचालकांसोबत मैदानावरचा प्रशिक्षकही समोर असू द्या आणि निम्मा वेळ त्यालाच बोलू द्या. डिसेंबरात गावी जाणाऱ्या दोघांनी न सांगता नव्हे, रीतसर कळवून, पण सरावाच्या नेहमीच्या दिवशी जाऊन यावं आणि हजेरीपट बघावा. पहिला हप्ता जानेवारीत, तीन महिन्यांच्या मानधनाएवढा. पुढचा हप्ता पाठवण्यापूर्वी तीन कागद घ्या: हजेरीपटाच्या पानांची प्रत, मानधन बँकेतून दिल्याचा उतारा आणि खाऊच्या पावत्या. त्याहून जास्त कागद मागू नका, कारण ते भरायला पुन्हा प्रशिक्षकालाच बसवलं जातं आणि तेवढा वेळ मैदान रिकामं राहतं.